चालतंय तोवर

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, पेनांच्या पेल्याशेजारी, सायकलच्या साखळीची एक पोलादी पट्टी ठेवलेली आहे. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, दोन छिद्रांची, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. त्यांपैकी एका छिद्राची कड बाहेरच्या अंगाला ओढली जाऊन वेडीवाकडी झाली आहे. घरी येणारे जुने विद्यार्थी तिच्याकडे पाहतात, पण विचारत नाहीत. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाच्या टेबलावर काय असावे याविषयी त्यांची काही अपेक्षा असावी आणि ही वस्तू त्या अपेक्षेत बसत नसावी. आज तिच्याविषयी लिहायचे ठरवले आहे. विषय या पानांना थोडा परका वाटेल; पण ज्यांचे सारे आयुष्य जुने ग्रंथ, जुनी टिपणे आणि जुनी मते सांभाळण्यात जाते त्या आपल्या जमातीला तो वाटतो तितका परका नाही.

२०२३ च्या जानेवारीत मी सांगलीहून शेफील्डला, लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलो. आदल्या वर्षी पत्नी गेली होती आणि घरातली शांतता मला सोसत नव्हती. शेफील्ड हे पोलादाचे गाव. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची आपली रीत याच परिसरात सिद्ध केली आणि १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली याला न गंजणारे पोलाद येथेच गवसले. गावाच्या पश्चिमेला पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर सुरू होतात. तिथला दगड खरखरीत, वाळूच्या कणांनी घडलेला. एकेकाळी त्यातून जाती घडवली जात. स्टॅनेजच्या कड्याखाली घडवून तशीच सोडून दिलेली जाती आजही गवतात पडलेली दिसतात, आणि त्या राष्ट्रीय उद्यानाचे बोधचिन्हही जातेच आहे. हे जाते पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

नातू तेव्हा सोळा वर्षांचा होता. इंग्रजीत वाढलेल्या मुलांना 'तुम्ही' साधत नाही. तो मला 'आजोबा, तू' असेच म्हणतो आणि मला ते गोड वाटते. पहिल्याच संध्याकाळी त्याने मागच्या अंगणातली आपली सायकल दाखवली. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "सीट कुठं गेली?"

"सीट नसतेच, आजोबा. बसायचं नसतं हिच्यावर."

ती ट्रायल्सची सायकल होती. खडक, ओंडके, भिंती, कठडे अशा अडथळ्यांवरून पाय जमिनीला न लावता सायकल नेणे, हा या खेळाचा गाभा. त्याचे मूळ मोटारसायकलच्या ट्रायल्समध्ये आहे. कॅटलोनियात, माँटेसा या मोटारसायकलशी निगडित असलेला नामवंत स्वार पेरे पी याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मुलाला, ओट पी याला, सायकलवर त्याच कसरती शिकवल्या. तो मुलगा पुढे विश्वविजेता झाला. १९८६ पासून या खेळाच्या आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या जागतिक स्पर्धा होत आल्या आहेत. जुन्या हिशेबात, पाय एकदा टेकला की एक दोषांक आणि पाच झाले की तो टप्पा गेला. म्हणजे इथे गुण मिळवायचे नसत, दोष टाळायचे असत. आपल्याकडच्या पेपर तपासण्याच्या पद्धतीशी याचे साम्य मला तत्काळ जाणवले.

वेगाशी या खेळाचा फारसा संबंध नाही. स्वार मागच्या चाकावर उभा राहतो, ब्रेक घट्ट आवळून तोल धरतो आणि पेडलला एकच जोराचा हिसका देत ब्रेक सोडून उडी घेतो. मग पुन्हा ब्रेक, पुन्हा तोल. कुठेही पोचवण्यासाठी नसलेले हे वाहन पाहून मी आधी थोडा अस्वस्थच झालो. माझ्या ॲटलसने मला तीस वर्षे कॉलेजात पोचवले होते. सायकल म्हणजे जाणे, ही माझी व्याख्या होती.

तरीही माझा हात तिच्याकडे वळला, कारण सायकल मला कळते असा माझा समज होता. त्या समजाला थोडी प्रादेशिक पार्श्वभूमीही आहे. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्या उद्योगातून पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी आली आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही आले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचा एक धागा सायकलच्या दुकानापर्यंत जातो, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. लहानपणी आमच्या पेठेतल्या सायकलवाल्याकडे मी सुट्टीत बसत असे. चाकाचा आउट काढणे, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा वंगणात बसवणे, साखळीचा खिळा ठोकून काढणे आणि ठोकूनच परत बसवणे, हे सारे मी तिथे शिकलो. त्या दुकानाचे एकच तत्त्व होते, आणि ते मालक दिवसातून दहा वेळा उच्चारीत : "चालतंय तोवर चालू दे."

अंगणातल्या त्या थंडीत नातू आणि मी हळूहळू एकमेकांचे कामकरी झालो. त्याच्या सायकलचे फ्रीव्हील मागच्या चाकावर नव्हते, पुढे क्रँकवर होते. त्याच्या आत दात्यांत अडकणारे जे छोटे तुकडे असतात त्यांना आमचा सायकलवाला 'कुत्री' म्हणत असे. मी हा शब्द सांगताच नातू हसत सुटला आणि तेव्हापासून आमच्या दोघांत त्याला दुसरा शब्द उरला नाही. साध्या फ्रीव्हीलमध्ये ही कुत्री एका फेऱ्यात वीसेक ठिकाणी पकडतात. ट्रायल्सच्या चांगल्या फ्रीव्हीलमध्ये बहात्तर, किंवा एकशे आठ ठिकाणी. एकशे आठ म्हटल्यावर मला जपमाळ आठवली. हिशेब मात्र अगदी व्यावहारिक आहे. वीस ठिकाणी पकडणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये पेडल अठरा अंशांपर्यंत पोकळ फिरू शकते, एकशे आठमध्ये सव्वातीन अंशांच्या आसपास. कठड्याच्या टोकावर मागच्या चाकावर उभ्या असलेल्या मुलाला ते अठरा अंश परवडत नाहीत.

एका रविवारी त्याने मागच्या चाकाची नवीकोरी, आरशासारखी रिम काढली आणि तिच्या कडेवर ग्राइंडर चालवला. ठिणग्या उडाल्या नाहीत, कारण धातू ॲल्युमिनियमचा, पण तो आवाज ऐकून मी ओरडलोच, "अरे, नवी आहे ती!"

"म्हणूनच, आजोबा. गुळगुळीत रिमवर ब्रेक धरत नाही."

त्याचा मागचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालणारा, रिमलाच दोन्ही बाजूंनी चिमटणारा होता. खरखरीत केलेल्या कडेवर त्याचे रबर असे काही बसते की चाक जागच्या जागी खिळते. मात्र ही खरखर झिजते. काही आठवड्यांनी पुन्हा ग्राइंडर लावावा लागतो, आणि प्रत्येक वेळी कड थोडी पातळ होते. कोणत्या रबरासाठी किती खोल खरखर हवी, ओल्या दिवशी काय धरते, रबर मऊ घ्यावे की कठीण, या बाबतीत त्याची मते आमच्या समीक्षकांइतकी ठाम होती. मी त्याला जात्याची गोष्ट सांगितली. जाते गुळगुळीत झाले की दाणा भरडला जात नाही, नुसता सरकतो. मग टाकी लावणाऱ्या बायका दारावरून हाक देत जायच्या, "जातं टाकवायचंऽ". आई दोन्ही तळ्या उघड्या करून द्यायची आणि छिन्नीच्या घावांनी दगड पुन्हा खरखरीत व्हायचा. तेही जाते दर टाकीला पातळ होत जाई. पुढच्या आठवड्यात आम्ही स्टॅनेजखाली गेलो तेव्हा तो एका पडलेल्या जात्यावर हात फिरवून म्हणाला, "याला कुणी टाकी लावली नाही." मराठीतले ते एक संपूर्ण, निर्दोष वाक्य ऐकून मला काय वाटले हे सांगत नाही.

त्याने मला बरेच शिकवले. ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडाही राहिला तर लिव्हर लिबलिबीत होते. म्हणून सिरिंजने खालून द्रव भरत हवा वर हाकलायची. तिथली काही मुले तेलाऐवजी पाणी भरतात. पाणी तेलाहून पातळ, त्यामुळे लिव्हर हलकी चालते. मात्र हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून त्यात मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो द्रव मिसळावा लागतो. साखळी ताणून ठेवण्यासाठी मागच्या आसापाशी गोगलगायीच्या शंखासारख्या दोन चकत्या असतात. त्या दोन्हीकडे सारख्याच फिरल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरके बसते. आणि आठवड्यातून एकदा सारी फ्रेम फडक्याने पुसायची. ती चकाकावी म्हणून पुसायची, असे मला वाटले होते. पण पोलाद बहुधा वाकून आधी काहीतरी सांगते, ॲल्युमिनियमला मात्र जोडापाशी केसासारखी चीर पडते आणि ती मळाखाली दिसत नाही. पुसणे म्हणजे तिथे पाहणे असते. संहितेची प्रत बारकाईने ताडून पाहणाऱ्या माझ्या गुरूंचे बोट ओळीवरून असेच सावकाश फिरत असे.

सुट्या भागांच्या निवडीवरून मात्र आमचे खटके उडत. हलका भाग महाग, मजबूत भाग जड, आणि स्वस्त भाग यांपैकी काहीच नाही, असे त्याचे म्हणणे. माझे म्हणणे, आहे तो काय वाईट आहे? मार्चच्या अखेरीस त्याला नवी साखळी हवी होती. मी जुनी मोजून पाहिली. ती ताणली गेली नव्हती. एके ठिकाणी कडी मात्र वळली होती. त्याच्या खोक्यात साखळीचा एक उरलेला तुकडा पडला होता. मी म्हणालो, वळलेल्या कड्या काढू आणि हा तुकडा जोडू. पैसे कशाला घालवतोस? तो जरा घुटमळला. "नक्की ना, आजोबा?" मी हातोडी न मागता त्याच्याच हत्याराने खिळा बाहेर ढकलला, तुकडा बसवला आणि तोच खिळा परत आत ढकलला. कडी बोटांनी हलवून मोकळी केली. काम सुबक झाले होते. पेठेतल्या सायकलवाल्याने पाठ थोपटली असती.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, घराजवळच्या मैदानाच्या कंबरभर उंचीच्या भिंतीवर, तो मागच्या चाकावर उभा होता. मी बाकावर बसून पाहत होतो. त्याने पेडलला हिसका दिला आणि पेडल नुसतेच खाली गेले. पायाखाली काहीच न उरलेला माणूस कसा कोसळतो ते मी पाहिले. हनुवटी भिंतीच्या कडेवर आपटली. पुढचे दोन दात तुटले, हनुवटीला सात टाके पडले आणि उजवे मनगट मोडले. इस्पितळात माझी लेक धावत आली तेव्हा तो सुजलेल्या तोंडाने तिला म्हणाला, "पाय सटकला."

मी काही बोललो नाही.

रात्री मी अंगणात जाऊन टॉर्चच्या उजेडात साखळी पाहिली. माझ्याच जोडावर सुटली होती. खिळा एका बाजूने अजून अडकलेला, बाहेरची पट्टी त्यावरून निसटलेली आणि तिच्या छिद्राची कड ओढली गेलेली. मी बसून शोधले, वाचले. आजच्या बऱ्याच साखळ्यांत खिळ्याची टोके कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. पट्टी धरून ठेवते ती ती पसरट कडच. खिळा एकदा बाहेर ढकलला की ती कड खरवडली जाते आणि छिद्रही सैल होते. तोच खिळा परत घातला तर जोड दिसतो पूर्वीसारखा, पण धरत नाही. नवा खिळा किंवा वेगळी जोडकडी वापरावी, असे सर्वत्र सांगितलेले असते. पेठेतल्या दुकानात मी शिकलो ते खोटे नव्हते. त्या जाड, सावकाश ओढणाऱ्या साखळ्यांना ते चालून जात असे. माझे ज्ञान खरे होते आणि शिळे होते. आणि नातवाला हे ठाऊक असावे. त्या 'नक्की ना'चा अर्थ मला तेव्हा लागला.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण तिच्यावाचून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी अकरा दिवस गप्प राहिलो. तो माझ्यासाठी खोटे बोलला होता आणि ते खोटे मला उबदार वाटत होते. पण त्या खोट्याला किंमत होती. पाय सटकला असेल तर दोष खेळाचा. खेळच धोक्याचा ठरला. लेकीने निर्णय घेतला की सायकल विकायची. तो प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला, आणि माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. त्याने पाहिले असते तर मला सोपे गेले असते.

अकराव्या दिवशी विकत घेणारा सायकल पाहायला येणार होता. त्या सकाळी मी ती पट्टी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीसमोर ठेवली आणि सांगितले. ती बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आईला जिना चढताना धाप लागायची, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता. चालतंय की. वयाचं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. पत्नीला डॉक्टरांकडे नेण्यास आम्ही जे सहा-सात महिने लावले, त्यांनी काही फरक पडला असता की नाही हे आता कोणी सांगू शकणार नाही. 'चालतंय' हा शब्द मी काटकसरीचा, समाधानाचा, आपल्या मातीतल्या शहाणपणाचा मानत आलो होतो. त्या टेबलाशी मला प्रथमच जाणवले की पुष्कळदा तो न पाहण्यासाठीचा शब्द असतो. फ्रेम पुसायचीच नाही, म्हणजे चीर दिसत नाही.

सायकल विकली गेली नाही. प्लास्टर निघाल्यावर, जूनच्या सुरुवातीला, आम्ही तिघे दुकानात गेलो. साखळी नातवाने निवडली. मी फक्त कारणे विचारली आणि त्याने ती सांगितली. घरी आल्यावर मी हत्यार त्याच्या हाती दिले, तर त्याने ते मला परत केले. "तूच लाव, आजोबा. नव्या खिळ्यानं." माझे हात कापत होते. त्याने कडी तपासली, दोन्ही शंख सारखे फिरवले, पेडलवर उभे राहून तीन-चारदा सारा भार टाकला, आणि मग गेला. मी या वेळी बाकावर बसलो नाही, भिंतीजवळ उभा राहिलो.

सांगलीला परतल्यावर मी माझी जुनी टिपणे काढली. एकाच कवितेवरची, बावीस वर्षे वर्गात वाचून दाखवलेली. कडा चिकटपट्टीने जोडलेल्या, समासात तारखांमागून तारखा. दरवर्षी मी एखादे वाक्य घातले होते, एखादे काढले होते. दुरुस्तीत कसूर नव्हती. मात्र मुळातले वाचन अजून धरते का, हे मी एकदाही भार टाकून पाहिले नव्हते. विद्यार्थी मान डोलवीत होते, परीक्षेत तेच लिहीत होते, चालत होते. जुने सांभाळणे हा आपला धर्म आहे आणि तो मी सोडू म्हणत नाही. जात्याला टाकी लावावी, रिमला ग्राइंडर लावावा, प्रतीची शुद्धी करावी. फक्त कोणता भाग टाकी लावण्याजोगा आणि कोणता काढून टाकण्याजोगा, हे दर वेळी नव्याने पाहावे लागते, आणि ते मुलाला भिंतीवर चढवण्याआधी पाहायचे असते. ती टिपणे मी बंबात घातली नाहीत. पण त्या कवितेवर पुन्हा बोलायची वेळ आली तेव्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात केली, आणि मला सांगण्यासारखे किती थोडे आहे हे पाहून चकित झालो.

गेल्या पावसाळ्याआधी ॲटलस काढली आणि पेठेत नेली. जुन्या मालकांचा मुलगा आता दुकान पाहतो. त्याने ब्रेक दाबून पाहिला, रबरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सर, चालतंय की अजून वरीसभर."

मी खिशात हात घातला. पट्टी तिथे होती.

"बदल," मी म्हणालो. "आणि साखळीपण बघ जरा."